मारायला सोपा

भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात इंग्रजी 'के' हे एकच अक्षर चालत होतं.

तपकिरी रंगाचं, छोटं. या बोळातून त्या बोळात. ओंकारनं बाणाचं बटण दाबलं. त्याचा खेळाडू त्या 'के'ला जाऊन भिडला आणि खाली इंग्रजीत ओळ उमटली. यू किल द कातकरी. 'के' गेला. त्याच्या जागी एक बाटली पडली.

वर्ग हसला. खो खो नाही. असं शेजाऱ्याकडे बघत, तोंडावर हात ठेवून. मग ओंकारनं आणखी एक बटण दाबलं. त्या खेळात कुठल्याही प्राण्याची माहिती बघता येते. माहिती आली. काळा. चोरटा. दारूच्या वासाला येतो. मारायला सोपा.

सरही हसले. हसता हसता त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली. तेव्हा त्यांना आठवलं असावं. न आठवायला काय झालं? पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं करून सगळ्यांना सांगितलं होतं, ही आपली योजनेतली मुलगी, कातकरी समाजाची, हिला सांभाळून घ्या. घेतलं सगळ्यांनी सांभाळून.

"अरे, गेम आहे तो. स्पोर्टिंगली घ्यायचं," सर म्हणाले.

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी त्या बाटलीकडे बघत बसले. उठून जावं असं वाटत होतं, तरी बसून राहिले. तास संपेपर्यंत ओंकारनं आमच्यातले आणखी बरेच मारले.

आमची वाडी चामटोली गावाच्या मागं, डोंगराच्या अंगाला. बाप मिळेल ती मजुरी करतो. आय पावसाळ्यात दुसऱ्याच्या भाताला, उन्हाळ्यात वीटभट्टीला. मी आश्रमशाळेत शिकले. तिथं भात कच्चा असायचा, पण कुणी कुणाला हिणवून कातोडी म्हणत नव्हतं, कारण सगळेच आमच्यासारखे. तो शब्द मला बाहेर आल्यावर ऐकायला मिळाला. बसस्टॉपवर, दुकानात, टमटममध्ये जागा देताना. बाहेरच्या जगाची मला तशी ओळख झाली.

बारावीनंतर उल्हासनगरला कामाला लागले. कॅम्प दोनमध्ये जुन्या लॅपटॉपचं दुकान. कंपन्यांनी टाकून दिलेले लॅपटॉप गोण्यांतून यायचे. मी ते पुसायची, एकेक बटण दाबून बघायची, चालतं ते एका बाजूला, मेलेलं दुसऱ्या बाजूला. दुकानाची मालकीण सिंधी, सगळे तिला भाभी म्हणायचे. तोंडानं फटकळ. चूक झाली की बाजाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची, पण ती सगळ्यांनाच तशी बोलायची. त्याचा त्रास होत नाही. माणसाला ते कळतं.

दुकानातून दुपारी सुटायचं आणि अंबरनाथला क्लासला जायचं. आदिवासी मुलांसाठी सरकारी योजना होती, त्यात माझा नंबर लागला होता. प्रोग्रॅमिंगचा क्लास. सरांनी शिकवायला एक जुना खेळ निवडला होता. अशा खेळांना रोगलाइक म्हणतात. चित्रं नसतात. सगळं अक्षरांचं. तुम्ही म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते अॅटचं चिन्ह. भिंती म्हणजे रेघा. राक्षस म्हणजे ए पासून झेडपर्यंत अक्षरं. भुयारात उतरत जायचं, दर वेळी भुयार नवीन. आणि एकदा मेलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. इतर मुलांना हा नियम फार कडक वाटायचा. मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

खरी गंमत वेगळी होती. हा खेळ उघडा होता. ओपन सोर्स. म्हणजे आतलं सगळं लिखाण वाचायला मिळायचं. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं. अट एकच, तुम्ही बदललेलं पुढच्यालाही तसंच उघडं द्यायचं. सरांनी सांगितलं होतं, प्रत्येकानं काहीतरी बदल करा आणि मला दाखवा. चांगला असेल तो मी क्लासच्या कॉपीत घेईन. क्लासची कॉपी एकच, तिची चावी सरांकडे.

ओंकारनं बदल केला तो असा. सरांनी तो घेतला.

ओंकार राहायला नदीकाठच्या मांजर्लीला. वाईट मुलगा होता असं मी म्हणणार नाही. चार्जर मागितला तर द्यायचा. परीक्षेत अडलं की सांगायचा. म्हणून जास्त राग येतो. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला तो प्राणी पाहिल्यावर आम्हीच आठवलो, एवढंच. नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं होतं त्या साली माझ्या बापानं तिथल्या लोकांचे फ्रिज आणि कपाटं खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यांवर चढवली होती. कुणाची ते बापाला माहीत नाही. त्याला कुणी आत बसवून नाव विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी क्लासला गेले नाही. दुकानात भाभीनं विचारलं, मुंह क्यों लटका है. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, स्क्रू काढायचं थांबवलं नाही. म्हणाली, धंद्यात असं लोक बोलतात, आमच्या पापडावरून आणि हिशोबावरून आयुष्यभर ऐकलंय, एका कानानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं. मी म्हटलं, भाभी, तुम्हाला बोलतात. आम्हाला त्यात मारतात. तिनं बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्याची बॅटरी गेलेली होती, वायर काढली की बंद पडायचा. "ये बिकेगा नहीं. तू रख," म्हणाली.

मी त्यावर क्लासच्या कॉपीतला तो खेळ उतरवून घेतला. खेळायला नाही. तो शब्द शोधायला.

मला तेव्हा धड काही येत नव्हतं, हे सांगून ठेवते. क्लासमध्ये मी फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायची. कंसामागून कंस, सगळं डोक्यावरून जायचं. पण आता मला एक शब्द पाहिजे होता आणि तो या ढिगाऱ्यात कुठंतरी होता. एकेक फाईल उघडून बघत गेले. दुकानात जेवणाच्या सुट्टीत, घरी लाईट असेल तेव्हा. बघता बघता कळायला लागलं, ही फाईल दारांची, ही खाण्यापिण्याची, ही मरणाची. आणि मग प्राण्यांची फाईल मिळाली.

एक मोठा तक्ता. एका ओळीत एक प्राणी. अक्षर, नाव, रंग, ताकद, वेग, मेल्यावर काय पडतं, आणि शेवटी माहिती. आमची ओळ अगदी वरच्या बाजूला होती, कारण सगळ्यात दुबळे वर. मूळ खेळात तिथं कुत्र्याच्या तोंडाचा एक बुटका प्राणी होता. ओंकारनं नाव बदललं होतं, बाटली टाकली होती, माहितीत तीन गोष्टी घातल्या होत्या. मारायला सोपा हे मात्र त्यानं लिहिलेलं नव्हतं. ते आधीपासूनच होतं.

मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होते देव जाणे. मला वाटत होतं, आत काहीतरी मोठं यंत्र असेल, ज्यानं आम्हाला तिथं नेऊन बसवलं. तर ही एक ओळ. कुणीतरी बसून, बोटांनी टाईप केलेली. आश्रमशाळेपासून ऐकत आले की आमचं असंच असतं, आमच्या डोक्यात शिरत नाही, आम्ही एका जागी टिकत नाही. मला ते हवापाण्यासारखं वाटायचं, आहे म्हणून आहे. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की तेही कुणीतरी बसून लिहिलं असणार.

मी ती ओळ काढून टाकली. अख्खी.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेले, सरांना म्हटलं, मी बदल केलाय. काय बदल ते त्यांनी विचारलं नाही, खूश झाले, योजनेतली मुलगी काहीतरी करून आली. सगळ्यांसमोर प्रोजेक्टरवर लावलं. आणि खेळ पिसाळला. उंदरानं आग ओकली. पहिल्याच खोलीत वटवाघळाच्या नावानं सैनिक आला. जे मरायला पाहिजे ते मरेना, जो फुलपाखरासारखा निरुपद्रवी तो एका फटक्यात जीव घ्यायला लागला. पोरं टेबलं बडवून हसली.

काय झालं होतं ते नंतर समजलं. तो प्रोग्रॅम प्राण्यांना नावानं ओळखत नाही. ओळींच्या क्रमानं ओळखतो. नावांचा तक्ता एका फाईलीत, त्यांच्या अंगातल्या करामतींचा दुसऱ्या फाईलीत, दोन्हीकडे क्रम तोच. मी एका ठिकाणची ओळ उपटली, तिच्याखालचे सगळे एकेक घर वर सरकले आणि दुसऱ्याची करामत पहिल्याच्या अंगात गेली. शिकाऊ माणूस हीच चूक करतो. मी केली ती मात्र घाईनं नाही, चिडून केली.

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. म्हणाले, "तुला शिकायला दिलंय, तोडायला नाही. जंगल आहे का हे?"

आणि त्यांनी क्लासची जुनी कॉपी पुन्हा लावली. 'के' परत आला, बाटलीसकट.

जंगल आहे का हे. घरी जाताना टमटममध्ये तेच डोक्यात घुमत होतं. मग म्हटलं, थांबा. जंगल काय असतं ते दाखवते तुम्हाला.

त्या पावसाळ्यात मी प्रोग्रॅमिंग शिकले. क्लासनं शिकवलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या रागानं शिकवलं. खेळात सगळी भुयारं होती, चौकोनी खोल्या आणि सरळ बोळ. मला त्यात एक डोंगर घालायचा होता. आधी सगळा पडदा झाडांनी भरायचा. मग एका कडेला एक चालणारा सोडायचा, तो वेडावाकडा चालत दुसऱ्या कडेला पोचला पाहिजे, तो जिथून जाईल तिथली झाडं पुसायची. झाली वाट. या पद्धतीला इंग्रजीत दारुड्याची चाल म्हणतात. वाचलं तेव्हा मी एकटीच हसले, सगळीकडे तेच. मी माझ्या फाईलीत तिचं नाव गाईची चाल ठेवलं. आणि मग लक्षात आलं की ती तशी चालतच नाही. गाय चढ सरळ चढत नाही. कडेकडेनं, कमी चढाची जागा बघत जाते. म्हणून प्रत्येक चौकोनाला उंची दिली आणि चालणाऱ्याला सांगितलं, शेजारी कमी उंच दिसेल तिकडं वळ. तो ओढ्यात जाऊन अडकून बसायचा. कितीदा तरी. त्याला ओढ्यातून काढता काढता मला लूप समजला, अट समजली, चूक कुठं शोधायची ते समजलं.

शेवटी एकदा चालवलं आणि पडद्यावर आमच्या वाडीमागचा डोंगर उभा राहिला. तिथला एकही दगड मी हातानं रेखाटला नव्हता, फक्त नियम लिहिले होते. तरी तो तोच होता. मला रडू आलं. येऊ दिलं.

सरांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून पुढं आले. हे खरं आहे, त्यांना कामाची जाण होती. चार वेळा नवीन डोंगर करून बघितला. म्हणाले, उल्हासनगरच्या कॉलेजात फेस्ट आहे, क्लासतर्फे हेच नेऊ, तूच चालवून दाखवायचंस. मी म्हटलं, देते, पण क्लासच्या कॉपीतून तो शब्द काढा. ओळ काढू नका, नाव बदला, काही मोडत नाही, मी तपासलंय. सर म्हणाले, अगं, एवढंच ना, काढतो. मी त्यांना जंगल दिलं. वर माझं नाव घातलं, वाडीचं नाव घातलं.

फेस्टच्या दिवशी आयची चांगली ओढणी घेऊन गेले. हॉल भरलेला. पुढं पाहुणे, परीक्षक, त्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. ओंकार आणि मी टेबलाशी. सर माईकवर सांगत होते, आमच्या एका आदिवासी विद्यार्थिनीनं स्वतः पाहिलेलं जंगल उभं केलं आहे. लोक कौतुकानं बघत होते. मी बाण दाबत दाबत ओढ्यावरून वर गेले, कारवीच्या झुडपांतून वळले. परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, वा, किती नॅचरल वाटतंय. माझं काळीज सुपाएवढं झालं.

आणि कारवीतून 'के' बाहेर आला.

तपकिरी. एक नाही, त्याच्या मागं आणखी दोन. भुयारात असायचे त्यापेक्षा जास्त. मी बाजूला सरांकडे बघितलं. सर पाहुण्यांकडे बघून हसत होते. माईकवर म्हणाले, "आता जंगल म्हटल्यावर तिथले रहिवासी पाहिजेतच. लोकल फ्लेवर."

हॉलमध्ये हसू पसरलं. माझ्याच जंगलात बसवले होते त्यांनी. आधी भुयारात ते कुणीही वाटले असते. आता ते अगदी शोभत होते.

या खेळांचं एक असतं. तुम्ही बटण दाबल्याशिवाय काही हलत नाही. तुम्ही एक पाऊल टाकलं की सगळे एक पाऊल टाकतात. तुम्ही थांबलात की सगळे थांबतात. 'के' माझ्या चिन्हाला चिकटून उभा होता. मी बाण दाबला असता तर तो मेला असता.

मी हात टेबलावरून उचलून मांडीत घेतले.

पडदा थांबला. कुणाच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. सर हळूच म्हणाले, चल, पुढं ने. मी हलले नाही. लोकांना वाटलं मशीन अडकलं. परीक्षक बाई मान वाकडी करून बघायला लागल्या. आत कुठंतरी मी फार शांत होते. सरांनी माईक खाली केला. "काय झालं?"

"ही माझी माणसं आहेत. मी मारणार नाही," मी म्हटलं.

माईकची गरज पडली नाही. ओंकार माझ्याकडे बघत होता, त्याचा चेहरा उतरला होता, मला वाटलं त्याला आता कळलं. त्याला काय कळलं देव जाणे. तो माझ्या खांद्यावरून वाकला आणि त्यानंच बाण दाबला. दोनदा. ओळ उमटली. यू किल द कातकरी. सरांनी लगेच माईक उचलला, थँक यू म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्याच.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना म्हटलं, माझं जंगल काढा तुमच्या कॉपीतून. सर रागावले नव्हते. तेच जास्त लागलं. शिकवायच्या आवाजात म्हणाले, "ओपन सोर्स आहे. तूच दिलंस. दिलेलं परत मागता येत नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी खेळासोबतचा तो परवाना सगळा वाचला होता. ज्या अटीनं मला तो खेळ उघडून शिकता आलं, त्याच अटीनं माझं जंगल त्यांचं झालं होतं. त्यात मी काहीच करू शकत नव्हते. मग मी क्लासच सोडला. प्रमाणपत्र राहिलं ते राहिलं.

आय सुट्टीच्या दिवशी दुपारी दाराशी बसली होती, पावसाची उघडीप होती. तिनं माझा उतरलेला चेहरा किती दिवस बघितला होता. म्हणाली, "कोन बोलला तुला?" मी सांगितलं. तिला खेळ म्हणजे काय ते कळेना, म्हणून लॅपटॉप लावून माझी कॉपी दाखवली. माझ्या कॉपीत 'के' नव्हता, मी तो कधीच काढला होता, नीट काढला होता. डोंगर होता, ओढा होता, वाट होती. ती वाकून बघत राहिली. हा ओढा, ही कारवी, असं मी बोटानं दाखवत गेले. तिनं सगळं बघितलं आणि विचारलं, "यात आपली मानसं खय हायत?"

मी पडदा वरपासून खालपर्यंत बघितला.

नव्हतीच. त्यांच्या जंगलात आम्ही मरायला होतो आणि माझ्या जंगलात आम्ही नव्हतोच. शिवी काढता काढता मी आम्हालाच पुसून टाकलं होतं. कुणी आम्हाला मारू नये म्हणून मी जंगल रिकामं करून ठेवलं होतं, आणि त्याला नीट काढलं असं म्हणत होते. आय उठून चुलीकडे गेली. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

मग मी माणसं घातली. त्याच ओळीत, त्याच क्रमावर, 'के'च्या जागी. नाव तेच ठेवलं, कातकरी. लपवणार नाही. माहितीत लिहिलं, इथला राहणारा. ती ओढ्यात खेकडे शोधतात, मोळी घेऊन उतरतात, सावलीला बसतात. विचारलं तर वाट सांगतात. त्यांच्यावर हात उचलला तर ती मरत नाहीत, निघून जातात, आणि मग तुम्हाला त्या डोंगरात वाट सापडत नाही. मारायला सोपं असं कुणी मी तिथं ठेवलेलं नाही. हे लिहायला मला पुढचा उन्हाळा लागला.

आता मी अंबरनाथला एका ऑफिसात कामाला आहे. कारखान्यांची बिलं काढायचा प्रोग्रॅम सांभाळते. कोडवर पोट भरतं. हे ऐकून लोकांना बरं वाटतं, वाईट दिवस संपले असं त्यांना वाटतं. संपले नाहीत. परवाच चहाला एकानं विचारलं, तुमच्यात अजून उंदीर खातात का गं, सहज विचारतोय. सहजच विचारतात सगळे. मी उत्तर देऊन देऊन दमले आहे. खरंच दमले आहे. संध्याकाळी टमटममध्ये बसले की कधी कधी वाटतं, भाभी म्हणायची तेच बरं, या कानानं ऐकावं आणि त्या कानानं सोडावं.

पण क्लासची ती कॉपी इंटरनेटवर आहे. कुणीही उतरवून घेतं. वर माझं नाव आहे, आमच्या वाडीचं नाव आहे, आणि आत माझ्या डोंगरात आमची माणसं बाटल्या टाकत मरतात. एखादी आश्रमशाळेतली पोरगी उद्या तोच खेळ उघडेल आणि तीच ओळ वाचेल. हे सोडून द्यायला माझ्याकडे दुसरा कान नाही.

अशा उघड्या खेळांच्या पानावर चूक कळवायची जागा असते. तिथं मी लिहिलं. पूर्ण नाव, समाज, वाडी, सगळं घालून. या खेळात कातकरी माणसाला चोर म्हणून मारायला ठेवलं आहे, ते नाव काढा, काय बदलायचं तेही सोबत जोडलं आहे, काही मोडत नाही. पानाची चावीही सरांकडे, त्यांनी ते तक्रारीचं प्रकरण बंद केलं. खाली शेरा मारला, हा दोष नाही. मी पुन्हा उघडलं. त्यांनी बंद केलं, म्हणाले भावना दुखावून घेऊ नकोस. मी उघडलं. ओंकारनं वैयक्तिक निरोप पाठवला, जाऊ दे ना आता, किती वर्षं झाली. त्याला मी उत्तर दिलं नाही. तक्रार उघडली. एकदा त्यांनी माझं खातंच अडवलं, तेव्हा मी दुसऱ्या नावानं नाही आले. दुसरं खातं काढलं आणि त्यावरही माझंच नाव घातलं.

मला आता त्यांच्याकडून माफी नको आहे. त्यांना कळावं अशी आशाही राहिलेली नाही. मला ती ओळ बदललेली पाहिजे. ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी मी थांबेन, त्याच्या आधी नाही. मग दमून का होईना.

आज सकाळी सरांनी माझी तक्रार पुन्हा बंद केली आहे. जेवणाच्या सुट्टीत मी उघडणार आहे.